मेहुण्याचा माणिककंठ

शेटलंडातल्या अगदी टोकाच्या स्टेना बेटावर माणसं थोडी आणि कामं फार, म्हणून तिथे एकेका डोक्यावर चार-पाच टोप्या असतात. गिबी राटरच्या डोक्यावर जरा जास्तच होत्या. तो मेंढ्या पाळायचा, टपाल वाटायचा, रस्त्यातले खड्डे बुजवायचा आणि टपालाच्या गाडीने तेच खड्डे पुन्हा पाडायचा. शिवाय मुख्य बेटावरून आठ माणसांचं विमान यायचं तेव्हा पिवळा कोट आणि शिरस्त्राण चढवून धावपट्टीवरच्या बंबाशेजारी उभा राहायचा. इतक्या वर्षांत त्याने आग विझवली एकच, ओस्लामावशीच्या ओव्हनमधली. आतला केकही पाणी मारलं नसतं तर वाचला असता, असं मावशी अजून म्हणते.

पण त्याला विचारलं, बाबा रे, तू कोण, तर तो सांगे, "फोटोग्राफर." फोटो कशाचे, तर वाट चुकलेल्या पक्ष्यांचे. शेटलंडात हे खूळ नवं नाही. ऑक्टोबरात आग्नेयेचा वारा आणि धुकं एकदम आलं की शहाणीसुरती माणसं गळ्यात दुर्बीण अडकवून गटारं, उकिरडे आणि कोबीच्या वाड्या धुंडाळत फिरतात. सायबेरियातून आसाम-ब्रह्मदेशाकडे निघालेलं एखादं पाखराचं पोर नेमकं उलट्या दिशेला वळतं, आणि खाली जमीन दिसली की दगडासारखं पडतं. ती जमीन म्हणजे स्टेना. त्यापुढे अमेरिकेपर्यंत पाणीच पाणी.

"पाहिला" असं नुसतं सांगून इथे कुणी विश्वास ठेवत नाही, फोटो लागतो. म्हणून गिबीने लेकराच्या मांडीएवढी लेन्स घेतली होती. तिला त्याच्या बायकोने, विल्माने, लोकरीचं झबलंही विणून दिलं होतं.

"तिला थंडी वाजते," विल्मा शेजारणींना सांगायची. "मला वाजते का, ते आजवर कुणी विचारलं नाही."

हे खूळ गिबीला लावलं विल्माच्या थोरल्या भावाने, मॅन्सीने. मॅन्सी उमफ्री जन्मभर स्टेनावर मासेमारी करत होता. सत्तरी आल्यावर डॉक्टर जवळ हवा म्हणून मुख्य बेटावर लर्विकला जाऊन राहिला. शेटलंडात दिसू शकेल असा जवळपास प्रत्येक भरकटलेला पक्षी त्याने पाहिला होता. राहिला होता एकच, माणिककंठ. रॉबिनएवढा, मातकट रंगाचा, सगळं आयुष्य झुडपाखाली काढणारा पक्षी. पण नर मान वर करतो तेव्हा गळ्यावर पेटता निखारा ठेवल्यासारखा दिसतो. मॅन्सीचा तो तीनदा हुकला होता. पहिल्यांदा मॅन्सी दात उपटून घ्यायला गेला होता, दुसऱ्यांदा समुद्रावर होता, आणि तिसऱ्यांदा धावत पोचला तेव्हा शेजारचं मांजर मिशा पुसत बसलं होतं.

आता चौथ्या वेळेची घाई होती. मॅन्सीच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध ढग धरला होता. कडेचं दिसायचं, समोरचं गडप व्हायचं. कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान तिरकी करून तो माणसांचे चेहरे ओळखायचा. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत तेवढंही उरणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. याच शरदात दिसला तर दिसला.

आणि सोमवारी सकाळी तो दिसला. ओस्लामावशीच्या दगडी कुंपणाआडच्या कोबीच्या वाडीत, शेपटी वर करून, आपलंच घर असल्यासारखा. दिसला गिबीला.

गिबीने चिखलात पोटावर पडून मनसोक्त फोटो काढले आणि मग मॅन्सीला फोन लावला.

"मॅन्सी, बसलायस का?"

"उभा आहे. बोल."

"माणिककंठ. नर. ओस्लामावशीच्या कोबीत."

पलीकडे काही पडल्याचा आवाज आला. ती खुर्ची होती, हे नंतर कळलं.

"फोटो पाठवू?"

"खबरदार!" मॅन्सी गरजला. "माझ्या डोळ्यांनी पाहीन. त्याआधी फोटो पाहिला की उष्टं खाल्ल्यासारखं. येतो मी."

येतो म्हणणं सोपं. लाटा धक्क्यावर चढत होत्या म्हणून बोट वर ओढून ठेवलेली, आणि धुकं असं की गिबीचा कुत्रा स्वतःच्या शेपटीवर भुंकला. राहिलं विमान. विमान सोडायचं की नाही, हे सकाळी धावपट्टीवरच्या माणसाला विचारून ठरतं. पट्टीशेजारच्या खोपटाच्या दारात उभं राहून पलीकडल्या टोकाचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा नारिंगी कापडी मोजा दिसला तर 'या', नाही दिसला तर 'नका येऊ'. आणि धावपट्टीवरचा माणूस कोण? तोच, पिवळ्या कोटातला.

मंगळवारी गिबी दारात उभा राहिला. मोजा सोडाच, त्याला स्वतःचा बंबही अर्धाच दिसत होता. फोन वाजला. लर्विकच्या विमानतळावरच्या पोरीने काही विचारायच्या आत मॅन्सीने रिसीव्हर ओढून घेतला. सँडविचं आणि चहाचा थर्मास घेऊन तो पहाटेपासून तिथे ठाण मांडून होता.

"आहे का?"

"पक्षी आहे. मोजा नाही."

"नीट बघ!"

"अरे, नीट काय बघू? धुक्याला भोक पाडू?"

"तू मात्र फोटो काढतोयस ना?"

गिबी काढत होता, आणि काय फोटो येत होते! धुक्यातला उजेड दुधासारखा मऊ, सावली कुठे नाही, आणि त्या मातकट अंगावर तो एक लाल थेंब. ते इंटरनेटवर टाकल्यापासून जगभरातून शाबासकीचे निरोप येत होते. फिनलंडच्या एका बाईने तर लग्नाची मागणी घातली होती. विल्माने स्वतः उत्तर लिहिलं, लेन्ससकट घेऊन जा. गिबीला आतून उकळ्या फुटत होत्या आणि त्या उकळ्यांची लाजही वाटत होती.

"एका हाताने मेजवानी झोडायची आणि दुसऱ्या हाताने मेहुण्याला दार लावायचं," ओस्लामावशी कुंपणावर कोपर टेकून म्हणाली. "राटरांचं घराणंच असं."

"मावशी, धुकं मी आणलं का?"

"आणलं नाहीस. पण ते गेलं नाही याचं तुला फारसं दुःखही दिसत नाही."

हे मात्र खोटं होतं. किंवा निम्मं खोटं. कारण गिबीला एक गोष्ट ठाऊक होती जी तो फोनवर बोलत नव्हता, आणि मॅन्सीलाही ठाऊक होती म्हणून तो विचारत नव्हता. असा पक्षी धुक्यात अडकतो. रात्री आभाळ उघडलं, चांदण्या दिसल्या, की उडून जातो. धुकं होतं म्हणून पक्षी होता. धुकं गेलं की विमान येणार, आणि धुकं गेलं की पक्षी जाणार. पक्ष्याला कोंडणारं आणि मॅन्सीला अडवणारं कुलूप एकच होतं, त्याला किल्लीही एकच.

बुधवारी धुकं जरा विरळ झालं. गिबी दारात उभा राहून डोळे फाडून बघत होता. टोकाला काहीतरी नारिंगी हललं. मोजा असावा. किंवा हवासा वाटतो म्हणून दिसत असावा. पुन्हा पाहिलं, नव्हतं.

"गिबी," मॅन्सीचा आवाज त्या दिवशी हळू होता. "एकदा हो म्हण. वैमानिक वरून बघेल. नाही जमलं तर परत फिरेल."

"मॅन्सी, पट्टीच्या टोकाला कडा आहे. विमानात तुझ्यासारखी आणखी चार माणसं बसणार."

"माझ्यासारखी नाहीत. त्यांना पुढचं वर्ष आहे."

गिबीने दाराबाहेर पाहिलं. नुसतं पांढरं.

"मोजा दिसत नाही," तो म्हणाला.

पलीकडून शिवी आली असती तर बरं झालं असतं. मॅन्सीच्या शिव्या बंदरात नावाजलेल्या होत्या. पण त्याने फोन अलगद ठेवला. संध्याकाळी वाळवलेल्या मटणाचं सूप पुढ्यात ठेवत विल्मा म्हणाली, "बरोबर केलंस."

गुरुवारी तो जागा झाला तर खिडकीत ऊन. आभाळ कसं, नुकत्याच पुसलेल्या बशीसारखं. गिबी तसाच उठला, पण कोबीकडे जायला वेळ कुठला? आधी पट्टीवरच्या मेंढ्या हाकलायच्या, मग बंब तपासायचा, मग फोन. मेंढ्याही त्याच्याच. त्या दिवशी त्यांनी त्याला चारी दिशांना पळवलं.

"मोजा दिसतो," तो फोनवर म्हणाला.

"आणि तो?" मॅन्सीने विचारलं.

"अजून गेलो नाही तिकडे. विल्माला पाठवतो."

"पाठवू नकोस. मी येतोच आहे," असं म्हणून मॅन्सीने फोन ठेवला. पण विल्मा तोवर निघालीही होती.

विमानाचा ठिपका दिसायला लागला तेव्हा गिबी शिरस्त्राणाचा पट्टा बांधून बंबाशेजारी उभा होता. विमान उतरून परत उडेपर्यंत जागा सोडायची नाही, हा नियम. चाकं जमिनीला लागली आणि खिशातला फोन थरथरला. विल्माचा निरोप: 'सगळी वाडी पालथी घातली. मावशीने प्रत्येक कोबी हलवून पाहिला. नाही.'

दार उघडलं. सर्वांत आधी मॅन्सी उतरला, हजामत केलेला, नवा स्वेटर घातलेला, छातीवर दुर्बीण, मान तिरकी. हसत होता. साठ वर्षांपूर्वी शाळेला सुट्टी मिळाली तेव्हा असाच हसला असेल. पिवळा रंग दिसताच तो सरळ चालत आला.

"चल!"

"मला हलता येत नाही, मॅन्सी. विमान—"

"मग मी जातो. रस्ता माझ्या पायांना पाठ आहे."

"मॅन्सी."

एवढंच. मॅन्सी थांबला. मान तशीच तिरकी ठेवून तो बराच वेळ गिबीच्या कानाकडे बघत राहिला. म्हणजे चेहऱ्याकडेच बघत होता.

"रात्री आभाळ किती वाजता उघडलं?" त्याने विचारलं.

"मला माहीत नाही. झोपलो होतो."

"झोपलास," मॅन्सी म्हणाला. "चांगलं केलंस. जागा राहून काय केलं असतंस? चादर टाकली असतीस आभाळावर?"

तरी तो गेला. ओस्लामावशीने कुंपणाजवळ खुर्ची टाकून दिली, बॅनकची जाड भाकरी आणि लोणी दिलं, आणि जन्मात प्रथमच काही बोलली नाही. दुपारचं विमान येईपर्यंत मॅन्सी कोबीकडे मान तिरकी करून बसला होता. मधल्या वेळात गिबी टपालाची पिशवी खांद्यावर घेऊन आला आणि शेजारी उकिडवा बसला.

"गेला तो कुठे, ते सांग," मॅन्सी म्हणाला.

"पश्चिमेला. रात्री वारा तिकडेच वाहत होता."

"म्हणजे पाण्यावर."

"हो."

"पुढे जमीन नाही, हे त्याला कुणी सांगितलं नाही." मॅन्सीने बॅनकचा तुकडा मोडला. "फोटो चांगले आलेत म्हणे. विल्मा सांगत होती."

गिबीने कॅमेऱ्याचं झबलं सोडायला घेतलं. "मोठा करून दाखवतो. तो लाल गळा सगळा पडदा भरून टाकतो, तुला कडेनेसुद्धा—"

"राहू दे." मॅन्सीने त्याचा हात धरला. "तो बघितला म्हणजे संपलं. मग पुढच्या ऑक्टोबरात कशासाठी येऊ?"

"ये ना. येईलच एखादा."

"येईल," मॅन्सी म्हणाला.

दोघंही अनुभवी माणसं होती. दोघांनी उरलेला बॅनक वाटून खाल्ला.

दुपारी विमान आलं. गिबी पुन्हा कोट-शिरस्त्राण घालून बंबाशेजारी उभा राहिला. मॅन्सी विल्माचा हात धरून पायऱ्या चढला, खिडकीजवळ बसला आणि हात हलवायला लागला. तो गिबीकडे हलवत नव्हता. खोपटापाशी डिझेलचं एक पिवळं पिंप उभं होतं, लाकडी चौथऱ्यावर पुरुषभर उंचीला आलेलं, आणि मॅन्सी त्या पिंपाला अगदी मनापासून हात हलवत होता. पंखे फिरायला लागले तरी थांबेना.

गिबीने बंबाकडे पाहिलं, नियम आठवला, तरी तो बाजूबाजूने सरकत पिंपापुढे जाऊन उभा राहिला. मग त्यानेही हात वर केला.