बिनखताचा वाफा

"काही गडबड तर नाही ना?" चपला काढायच्या आधी सरांचा हा प्रश्न घरात यायचा. नाही म्हटलं की काळजी वाढायची. "मग तुम्ही गप्प का?" असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

नव्वदीच्या दशकात सर आणि मी रोह्याच्या एका कॉलेजात तात्पुरते प्राध्यापक होतो. जवळच्या वरसे गावात एकाच खोलीत राहायचो. मी मराठी शिकवायचो, ते वनस्पतिशास्त्र. त्यांची पीएच.डी. खाऱ्या जमिनीतल्या भातावर चालली होती. ती झाली तरच उन्हाळ्यात कायमची जागा मिळणार होती. त्यामुळे आभाळ भरून आलं तरी ते घाबरत आणि उघडलं तरी घाबरत.

कासूजवळ एका काकूंच्या शेतात त्यांचे वाफे होते. प्रत्येक वाफ्याला वेगळं खत आणि तुलनेसाठी एकाला काहीच नाही. तो पिवळा, खुरटा राहिला की सर खूश. "बघा, कसा मस्त वाळतोय!" म्हणायचे.

भाद्रपदात त्यांच्याबरोबर गेलो, तर तोच वाफा हिरवागार! सर मटकन बांधावर बसले.

काकू हसत आल्या. "बगवत नव्हतं, सर. सगल्यांना खत आन् या एकाला नाय? तुमचं मार्क जातील म्हनून मीच शेनखत टाकलं. बरं केलं ना?"

मला वाटलं, आता हे ओरडणार, नाहीतर रडणार. तुलनेचा वाफाच गेला, म्हणजे अख्खा हंगाम वाया गेला होता.

सर उठले. "व्हय काकू, मस्त आलंय."

दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवरून त्यांनी गाईडना सगळं खरं सांगितलं. बाहेर येऊन म्हणाले, "पुन्हा पेरायला सांगितलंय. जागा गेली."

मला त्यांचा रागच आला. "निदान काकूंना तरी सांगा!"

"नको. त्यांना जन्मभर लागून राहील."

उन्हाळ्यात ती जागा दुसऱ्याला मिळाली. सर पेणकडे नवं शेत शोधायला निघाले. काकू स्टँडवर आल्या, त्या वाफ्याचे तांदूळ घेऊन.

"आईला द्या. म्हनावं, तुमचा ल्योक पास झाला."

सरांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. गाडीत वर ठेवायला जागा होती, तरी मांडीवरच घेऊन बसले. एसटी सुटली. काकू हात हलवत राहिल्या.