तोंडाचं माप

नाकापाशी नेलेला माझा हात मालकांच्या एका गड्यानं फटकन खाली झटकला. टेप चिखलात पडली.

"ए, नाकाला हात लावायलास? जात इसरलास का?"

बाकीचे हसले. मालकही हसले. म्हणाले, "बैलाचं मुसकं माप घेऊन करतेत व्हय रे? अंदाजानं शिव."

मी टेप पुसली. अंदाजानं शिवलं.

चुडाव्याजवळच्या एका गावात मी शिवणकाम करायचो. नामांतराच्या दंगली होऊन गेल्या होत्या, आमच्यासारख्या वस्त्या जळाल्या होत्या. आमच्या वस्तीत घरं थोडी. मालकांच्या कापसावर औषध फवारणारे चौघे गावातले, दोघे आमचे. त्यातला एक माझा थोरला भाऊ. औषधानं माणसं ओकायची, काम थांबायचं. म्हणून मालकांनी तोंडाला बांधायच्या पट्ट्या शिवायला सांगितल्या होत्या.

आमच्या वस्तीतल्या त्या दोघांची मापं मी हातानं घेतली. नाकाचं हाड, गालाचा खड्डा, हनुवटी. जुन्या धोतराच्या मऊ कापडाचे थर दिले. पट्टी नीट बसली. त्या चौघांच्या नाकाशी फट राहिली. त्यांनी पट्ट्या फेकून दिल्या.

मालकांनी सगळी फवारणी आमच्या त्या दोघांवर टाकली. "तुमाला बराबर बसतंय न्हवं? मग करा."

मला तेव्हा माझ्या कामाचा अभिमान वाटला.

भाऊ म्हणाला, "तोंडाचं ठीक हाय रे. पाठ भिजायलीय." पाठीवरचा पंप गळायचा. मी मेणकापडाची पाठ शिवून दिली. दुपारी त्यानं ती काढून बांधावर टाकली. "आत शिजायलोय मी." कापड अंगापासून सुटं राहिलं पाहिजे, मधून वारा गेला पाहिजे, हे मला तेव्हा सुचलं. मी मालकांना एक दिवस फवारणी थांबवायला सांगितलं.

"लय लाड झाले. अळी थांबतीय का तुझ्यासाठी?"

भाऊ मेणकापडाशिवायच फवारायला गेला.

दुसऱ्या दिवशी भाऊ कापसात पडला. जीभ अडखळत होती. पाय धरत नव्हते. पूर्णेला एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर नव्हते. कंपाउंडरनं काय झालं ते विचारलं. मालक म्हणाले, "पेलाय." कंपाउंडरनं माझ्याकडे पाहिलं.

मी हो म्हणून मान हलवली.

भाऊ दारूला शिवत नव्हता. वस्तीतली घरं माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि मान हलली. "उतरंल, झोपू द्या," कंपाउंडर म्हणाला. संध्याकाळी भाऊ गेला.

पुढच्या हंगामात मालक कापडाचा गठ्ठा घेऊन दारात. "तुझा हात बसलाय आता. तुमच्या लोकांपुरतं शिव."

मी गठ्ठा उचलून त्याच्या पायापाशी ठेवला. जन्मात पहिल्यांदा त्याला एकेरीत बोललो.

"तूच बांध तोंडाला. तूच फवार."

मग मशीन उचललं आणि सेलूला आलो. लोक अजून ते वाक्य सांगतात. मला हिमतीचा म्हणतात. मानेचं कुणी सांगत नाही, कारण मीच कधी सांगितलं नाही. भावाची पोरं दारुड्याची पोरं म्हणून वाढली. वहिनीनं ते ऐकून घेतलं.

वहिनी अजून आहे. या रविवारी विहारात सगळ्यांसमोर उभा राहणार. सांगणार, भाऊ प्यालेला नव्हता, विष अंगात गेलं होतं, मालक खोटं बोलला आणि मी होकार दिला. मालकाचं नाव घेणार. माझंही घेणार.

माफी मागणार नाही. मागितली की वहिनीला आणि पोरांना ती द्यावी लागेल.