रखमाजी आणि थोरली मनवार

गुंजवण्याचा रखमाजी रेणुसे पहिल्यांदा समुद्रापुढं उभा राहिला तेव्हा त्याला एकच प्रश्न पडला, की एवढं पाणी अडवायला कुणी भिंत कशी बांधली नाही. मोठं पाणी म्हणून त्यानं तोवर पाहिलं होतं ते भाटघरच्या धरणाचं. त्या धरणाची लोखंडी दारं जोडायच्या कामावर तो होता. भट्टीत लाल केलेला रिबिट, म्हणजे लोखंडी खिळा, पत्र्याच्या भोकात घालायचा आणि तो निवायच्या आत ठोकून ठोकून त्याचं डोकं चपटं करायचं, ही विद्या त्याला तिथं मिळाली. या विद्येपायी हात कमावले आणि कान गमावले. उजव्या कानानं काहीच ऐकू येत नसे, आणि डावा कान लहर लागली तर ऐके.

धरण संपलं तसा मुकादमानं त्याला मुंबईला गोदीत नेलं. तिथं त्याच्या बहिरेपणाचं कुणाला काही वाटलं नाही, कारण सगळेच हातवाऱ्यांनी बोलत. पेरणीला आणि भातलावणीला तो गावी येई, चार घास खाई आणि झोपे. रखमाजीची झोप हा गावात कौतुकाचा विषय होता. एकदा शेजारच्या गवताच्या गंजीला आग लागली, सगळं गाव कळशा घेऊन धावलं, आग विझली, माणसं घरी गेली, आणि हा सकाळी उठून विचारू लागला की गंज कुणी हलवली.

लढाई पेटली आणि गोदीत लढाऊ बोटी बांधायचा हुकूम आला. लढाऊ बोटीला तिथली माणसं मनवार म्हणत. रखमाजीच्या वाट्याला आलेली मनवार आजूबाजूच्या बोटींपेक्षा लांबलचक होती, म्हणून कामगारांनी तिचं नाव थोरली ठेवलं. सरकारी इंग्रजी नाव कुणाच्या जिभेवर बसलंच नाही. आधी नुसता मधला कणा, मग बरगड्या, मग बरगड्यांवर पत्रे, अशी ती रखमाजीच्या डोळ्यांदेखत अंग धरत गेली. पुढच्या टोकाचे पत्रे त्याच्या टोळीनं जोडले. तिला पाण्यात सोडली त्या दिवशी साहेबांच्या मडमेनं बाटली फोडली. रखमाजीनं आधीच कुणाचं लक्ष नाही असं बघून टोकाला हळद-कुंकू लावलं होतं.

मग तोफा बसल्या, खलाशी आले, आणि थोरली मालवाहू बोटींच्या राखणीला निघायची वेळ झाली. निघायच्या दिवशी पुढच्या कोठीत पत्र्यांची एक शिवण ओली दिसते म्हणून रखमाजीला पाठवलं. डेकवर ओला रंग होता, म्हणून त्यानं वहाणा धक्क्याच्या काठावर काढून ठेवल्या. शिवण ठोकली, भाकरी खाल्ली. समोर दोरखंडांची मऊ वेटोळी दिसली. जरा पाठ टेकू, असं त्याच्या मनात आलं.

पुढचं सांगायला नको. भोंगे झाले, शिट्ट्या झाल्या, दोर सुटले. रखमाजी जागा झाला तो डोकं पत्र्यावर आपटल्यावर. धडपडत वर आला, चारी दिशांना पाहिलं आणि तिथं उभ्या असलेल्या रत्नागिरीकडच्या खलाशाला त्यानं गंभीरपणे विचारलं, "मुंबई कुठं गेली?"

त्याला कप्तानापुढं उभं केलं. मालवाहू बोटींचा ताफा सोडून मागं वळता येत नव्हतं, आणि शत्रूला सुगावा लागेल म्हणून बिनतारी संदेशही धाडायची बंदी होती. कप्तान आधी चिडला, मग तोंड फिरवून हसला, आणि म्हणाला की एडन येईपर्यंत याला स्वयंपाकघरात भंडाऱ्याच्या हाताखाली कांदे सोलायला बसवा. रखमाजीनं सोललेले कांदे फार थोडे. बाकी वेळ तो कठड्याला धरून पोटातलं समुद्राला देत होता.

इकडं गोदीत त्याच्या वहाणा काठावर सापडल्या. शेजारच्या घरचा गेनू त्याच गोदीत हमाल होता. तो वहाणा फडक्यात बांधून रडत गुंजवण्याला आला आणि रखमाजी बुडाल्याचं त्यानं सांगितलं. घरात आकांत झाला. धाकटा भाऊ ज्ञानू दहाव्याची तयारी करू लागला, बायका कुंकू पुसायला जमल्या. रखमाजीची बायको साळूबाई मात्र वहाणा उलटसुलट करून बघत बसली होती.

"गेनूभावजी, त्यांना पाण्यात पडताना बघितलं कुणी?"

गेनू म्हणाला, तसं कुणी पाहिलं नाही.

"मग ते झोपलं असतील कुठं तरी," साळूबाई म्हणाली. "बुडायचं तर हातपाय मारावं लागत्यात. त्यांच्यानं येवडी खटपट व्हायची न्हाई."

लोकांना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. तिनं वहाणांना तेल लावून त्या दाराशी ठेवल्या, आणि कपाळावर रोजच्यापेक्षा मोठं कुंकू लावून ती भात निंदायला गेली. बांधाआड तिच्या डोळ्यांना पदर लागे, पण तो कुणाला दिसू द्यायचा नाही एवढी काळजी ती घेई.

थोरलीवर मात्र खरंच बुडायची पाळी आली. एका पहाटे दाट धुक्यात ताफ्यातली एक मालबोट वाट चुकून आली आणि थोरलीच्या टोकाला घासून गेली. पत्रे उसवले, कोठीत पाणी शिरलं. खलाशी लाकडी पाचरी, घोंगड्या घेऊन धावले. रखमाजीही त्यांच्यात घुसला. पाणी मांड्यांपर्यंत चढलं तेव्हा कप्तानानं वरून हुकूम दिला की सगळे बाहेर या, कोठीचं दार बंद करायचं आहे. सगळे वळले. रखमाजीची पाठ दाराकडं होती. तो आपला पाचर ठोकतोच आहे. एक पाचर झाली, त्यानं दुसरीसाठी हात मागं केला. त्या हाताकडं बघून रत्नागिरीचा खलाशी थबकला, परत फिरला आणि त्यानं पाचर दिली. मग एकेक करून बाकीचेही फिरले. पाणी थांबलं.

एडनला पोचल्यावर कप्तानानं सगळ्यांसमोर रखमाजीच्या शौर्याचं वर्णन केलं. रत्नागिरीच्या खलाशानं ते त्याच्या डाव्या कानात ओरडून सांगितलं.

"साहेबांना सांग, म्या ऐकलंच न्हाई," रखमाजी म्हणाला. "ऐकलं आसतं तर पयला मीच पळालो आसतो."

कप्तानाला हे उत्तर अधिकच आवडलं. त्यानं रखमाजीला रीतसर बोटीवर भरती करून घेतलं आणि गोदीला निरोप धाडला. तो निरोप गुंजवण्यात पोचेतो भाताला लोंब्या आल्या होत्या. साळूबाईनं तो ऐकला, ज्ञानूकडं एकदा पाहिलं आणि सगळ्या गावाला गूळ वाटला. मग घरात जाऊन दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं बाहेर आली.

लढाई संपेपर्यंत थोरली एडन, कोलंबो, चितगाव अशी फिरली. तिनं एकही बोट बुडवली नाही; राखलेल्या बोटी मात्र बहुतेक साऱ्या घरी पोचवल्या. पुढं स्वातंत्र्य आलं. थोरली थकली होती, आणि तिच्याहून मोठ्या, वेगवान बोटी आल्या होत्या. ती भंगारात निघाली. बोट तोडणाऱ्या मुकादमाला तिची शिवण न् शिवण ठाऊक असलेला माणूस हवा होता, म्हणून त्यानं रखमाजीलाच बोलावलं. रखमाजी गेला. मागचा भाग त्यानं तोडला, मधला तोडला.

"फुडच्या टोकाला म्या हात लावणार न्हाई," त्यानं सांगितलं, आणि हत्यारं खाली ठेवून तो नसरापूरची वाट धरून घरी आला.

घरी आल्यावर त्याला काही सुचेना. साळूबाईनं थोडे दिवस पाहिलं आणि बैलगाडीच्या चाकावरची सैल झालेली धाव, म्हणजे लोखंडी कडं, पुढं टाकली. रखमाजीनं परड्यात शेणी पेटवल्या आणि ठोकायला सुरुवात केली. तो आवाज ऐकून गावचा लोहार कोंडिबा तरातरा आला. आपल्या पोटावर पाय देतो म्हणून त्यानं बरंच सुनावलं. रखमाजी मान डोलावत राहिला. बोलून दमल्यावर कोंडिबाचं लक्ष धावेकडं गेलं. ती सगळीकडून एकसारखी लाल झाली होती, आणि एकट्यानं चाकावर बसवायच्या आत निवणार हे उघड होतं.

कोंडिबानं पागोटं काढून कुडावर ठेवलं, दुसरी सांडस उचलली आणि धावेची पलीकडची बाजू धरली.