तिसरा पडत नाही

जुनी गाडी बंद पडली की लगेच ‘भंगारात घाला’ म्हणणाऱ्यांनो, गाडी तुम्हीच मारता! ती नुसती आजारी असते. उघडून बघायचा कंटाळा तुम्हाला, आणि दोष तिच्या वयाला!

हे तोंडावर ऐकवायचं राहून जातं, म्हणून किस्से साठतात. आमच्या मुळशीतल्या शेडमध्ये एकाच गिअरबॉक्सचे पोतंभर साठलेत.

गाडी नानांची, माझ्या चुलत्यांची. टू-स्ट्रोक, उंच मडगार्ड, चिखलात पकडणारे बटणाचे टायर. तरुणपणी नाना तिच्यावर डोंगर चढायचे. मग तिसरा गिअर पडेना आणि ती अकरा वर्षं गोणपाटाखाली गेली. आता माझ्या वडिलांना, अप्पांना, शेडच्या जागी भाड्याच्या खोल्या काढायच्यात. ते म्हणाले, “रविवारी भंगाराचा टेम्पो येनार. तवर गाडी गावामागची खिंड चढली तर ऱ्हाईल, न्हाईतर गेली!”

“चढणार!” मी म्हणाले. मी मेकॅनिकल इंजिनिअर. गिअरबॉक्स तोवर फक्त फळ्यावर पाहिला होता, पण हे अप्पांना कशाला सांगा!

* * *

पौडचे सोपानदा मेकॅनिक मदतीला आले आणि त्यांनी गिअरबॉक्स उघडला. मी वही काढली.

“ती ठिव बाजूला. बोट फिरव.”

मी तिसऱ्या गिअरच्या दातांवरून बोट फिरवलं. “गोल लागतंय.”

“तेच दुखनं. कोपराच ऱ्हायला न्हाई, तर पकडनार काय!”

चार वर्षांचं कॉलेज एका बोटात!

“नवा गिअर कुठे मिळेल?”

“मिळत न्हाई. म्हनून तर आपन हाय!”

त्यांनी झिजलेल्या दातांवर वेल्डिंग चढवलं. मी तीन दिवस कानस घासली.

* * *

आमचा भाडेकरू अमोल परभणीचा, हिंजवडीत आयटीत. “ताई, सिस्टिम पाहिजे!” म्हणत त्यानं एकूण एक पार्टवर नंबराची चिठ्ठी चिकटवली. सत्तेचाळीस चिठ्ठ्या. मग सगळे पार्ट धुवायला रॉकेलच्या घमेल्यात टाकले.

थोड्या वेळानं घमेल्यात सत्तेचाळीस चिठ्ठ्या तरंगत होत्या!

सोपानदा वाकून म्हणाले, “सिस्टिम वर आली.”

* * *

इंजिनाच्या दोन भागांमध्ये घालायचं कागदी पॅकिंग कुठेच मिळेना. सोपानदांनी खिळ्याला अडकवलेली एक लग्नपत्रिका काढून चिमटीत धरली. “मारुंजीची दिसतीय. आयटीवाल्यांना जमीन इकलेल्यांची पत्रिका लई जाड असती!” ती कापली, ऑइलमध्ये बुडवली, चपखल बसली.

दुसऱ्या दिवशी अप्पा फेटा बांधून दारात उभे. “पत्रिका कुटंय? लगीन कुटल्या कार्यालयात हाय?”

“गिअरबॉक्समध्ये!” मी म्हणाले.

* * *

रविवारी सकाळीच टेम्पो आला. ड्रायव्हरनं मागचं फाळकं पाडलं, फळी लावली आणि बिडी पेटवली. गाडी फळीकडे पाठ करून उभी होती. अप्पा, नाना, अमोल, सोपानदा, सगळे हजर.

मी किक मारली. चालू! नानांनी टाळी वाजवली. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला...

गाडी मागे निघाली! मला घेऊन सरळ फळीवरून वर, थेट टेम्पोत!

अप्पा हसून हसून खाली बसले. “बघ! तिलाच जायचंय!”

गिअर उलटे बसवले की काय मी?

“गिअर बरोबर हायेत,” सोपानदा ओरडले. “टू-स्ट्रोक हाय. कवातरी इंजिन उलटं फिरतं. बंद कर, परत मार!”

मी टेम्पोतच उभी राहून सगळ्या ताकदीनं किक मारली. पहिला टाकला. गाडी फळीवरून खाली उतरली, अप्पांच्या समोरून गेली आणि खिंडीच्या रस्त्याला लागली. दगड, चर, वळण. पहिला. दुसरा. शेवटच्या चढाआधीच्या सपाटीवर मी पाय दाबला, आणि तिसरा पडला!

खिंडीतून मी गाव ऐकेल एवढा हॉर्न वाजवला.

परत आले तेव्हा अप्पा गोणपाटाची घडी घालत होते. टेम्पो रिकामा तसाच उभा होता. ड्रायव्हर गाडीभोवती एक चक्कर मारून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “ताई, माझ्या टेम्पोचा बी तिसरा पडत न्हाई. कवा आणू?”