ओहाकुनेतली सोमवार सकाळ

मुक्काम जून महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारच्या संध्याकाळपासून सोमवार सकाळी दहापर्यंत; सोमवारी या देशाच्या राजाच्या वाढदिवसाची सरकारी सुट्टी. ठिकाण ओहाकुने, रुआपेहू डोंगराच्या पायथ्याचं गाव; इथे जून म्हणजे हिवाळा. लाकडी घराचं तीन रात्रींचं भाडं सातशे वीस डॉलर, दोन कुटुंबांत निम्मं निम्मं. हजर चौघं: मी, माझी बायको, पुण्यापासूनचा माझा मित्र आणि त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी.

वहिनी हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलात नर्स आहेत. वॉर्डात माणसं कमी पडत होती, म्हणून त्यांनी उन्हाळा संपल्यापासून जास्तीच्या रात्रपाळ्या घेतल्या होत्या. मग सुट्टीच्या दिवशीही झोप येईना. तास-दोन तासांत दचकून उठायच्या आणि उठल्या की भांडी लावायला घ्यायच्या. मित्र मला आधीच म्हणाला होता, "डोंगर नाही दिसला तरी चालेल. हिला एक सलग झोप लागली की ट्रिप वसूल."

म्हणून ठरलं, वहिनींनी स्वयंपाकघरात यायचं नाही. रांधायचं आम्ही दोघा पुरुषांनी. इथे चूक माझी झाली. रोटोटुनाहून, म्हणजे हॅमिल्टनमधल्या आमच्या घरून, निघताना मी गाडीत सगळ्यात आधी काय ठेवलं असेल, तर कुकर. या देशात इतकी वर्षं काढली, तरी कुकरशिवाय कुठे राहायला जायचं ही कल्पनाच मला झेपत नाही.

शनिवारी दुपारी वहिनींचा सोफ्यावर डोळा लागला. आम्ही चोरपावलांनी खिचडी लावली. पहिली शिट्टी झाली तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. दुसरीला मित्र टॉवेल घेऊन कुकरकडे धावला. तिसरीला वहिनी दारात उभ्या. केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले.

"तीन झाल्या, बंद करा," असं म्हणून त्यांनी स्वतःच गॅस बंद केला. मग आलेच आहे तर म्हणून कढीला फोडणी दिली, ओटाही पुसला. झोप गेली ती गेलीच. जेवण झाल्यावर माझ्या बायकोने कुकर उचलला आणि गाडीच्या डिकीत ठेवून आली.

रविवारी उघड्या पातेल्यात डाळ शिजायला सकाळ गेली. तेवढ्यात ढग सरकले आणि डोंगर दिसला, वरून खालपर्यंत पांढरा. चौघंही वर बर्फापर्यंत जाऊन आलो. मित्राने माझ्या कॉलरमध्ये बर्फ टाकलं. पन्नाशीला आलेल्या माणसाने असं करावं का, हा प्रश्न मी त्याच्या कॉलरमध्ये बर्फ टाकून झाल्यावर विचारला.

दुपारी शेकोटीपाशी बदाम सात खेळलो. वहिनींनी इस्पिकची अठ्ठी दाबून ठेवली होती आणि माझ्या हातात जवळजवळ सगळं इस्पिकच.

"वहिनी, सोडा की आता तो पत्ता."

"भाऊजी, तुमच्या हातात काय आहे ते तुमच्या चेहऱ्यावर छापलंय. म्हणून तर नाही सोडत."

त्या इतक्या हसल्या की पत्ते खाली ठेवून डोळे पुसावे लागले. रात्रीचं जेवण झाल्यावर लवकर झोपायला गेल्या.

सोमवारी आठ वाजले, नऊ वाजले, त्यांच्या खोलीचं दार बंदच. आम्ही पायमोजे घालून सामान आवरलं, बोललो ते खुणांनी. साडेनऊला मित्र म्हणाला की आता उठवायलाच हवं, दहाला घर सोडायचंय. पण दारापर्यंत जाऊन तो आतला श्वास ऐकत थांबला आणि परत आला. माझी बायको माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "तुम्ही काहीतरी करा."

घरमालकीण समोरच राहायची. एवढ्या थंडीत नुसत्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून लाकडं रचत होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली की आज दुसरं कुणी येणार नाही, झोपू दे बिचारीला, पैशांचं काही नाही. मी म्हटलं, उशीर झाला तर तासाला तीस डॉलर असं तुमच्याच दारामागे लिहिलंय. ती हसली आणि पुन्हा लाकडांकडे वळली.

वहिनी उठल्या तेव्हा पावणेबारा होत आले होते. गालावर उशीच्या वळ्या. घड्याळ बघून घाबरल्याच.

"अहो, दहाला निघायचं होतं ना? उठवलं का नाही?"

"चेकआउट बाराला आहे," मित्र म्हणाला.

त्यांनी खात्रीसाठी माझ्याकडे पाहिलं; आकडे मी चुकीचे सांगत नाही हे त्यांना ठाऊक आहे. मी मान डोलावली. त्या पुन्हा टेकून बसल्या, मोठी जांभई दिली आणि म्हणाल्या, "मग मला चहा करून द्या कुणीतरी."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मित्र धावत आत गेला. मला वाटतं, डोळे लपवायला.

बाराला घर सोडलं. दोन तासांचे साठ डॉलर मी घरमालकिणीच्या हातात दिले. तिने नको नको म्हणत घेतले. दोन कुटुंबांच्या हिशोबात ते धरलेले नाहीत.