साखरबाई आन् आठ पायांची जात

साखरबाईला आठ पायांचं काय बी दिसलं की किळस यायची. कोळी दिसला की थुंकायची. गाईच्या कानातली गोचीड, रगत पिऊन चिंचोक्याएवढी फुगलेली, दगडावर चिरडली की पचकन फुटायची. ते बघितलं की बाईला दुपारची भाकरी जात नसायची. वांग्याच्या पानामागं लाल कोळी पडला, सुईच्या टोकाएवढे ठिपके जाळ्यात वळवळाय लागले, की फवारणीवाल्याला ती लांबूनच काडीनं पान दावायची.

पण ज्याची किळस, त्याच्यावरच तिची नजर. बाकीच्या बाया तोंड फिरवायच्या, ही डोळं फाडून बघायची.

"घाण वाटती तर बघती कशाला?" शेजारची गिताबाई चिडवायची.

"घाण वाटती म्हणूनच बघती. न बघता अंगावर चढली म्हंजी?"

बघून बघून तिनं त्यांचं कूळच काढलं व्हतं. मुंगीला पाय सहा, झुरळाला सहा. कोळी, गोचीड, इंचू ह्यांना आठ. "समदी एका घरची हायत," ती म्हणायची, "नुसती येगळी राहत्यात." इंचवातबी तिच्या लेखी एक जात नव्हती. काळा दांडगा, पुढचे चिमटे खेकड्यावाणी, शेपूट मात्र किडकी. तांबडा बारका, चिमटे काडीसारखे आन् शेपूट जाड. फळकुटाच्या भेगेत चपटून बसणारा एक मातकट. आन् एक केसाळ, त्याला नांगीच न्हाई, नुसतं तोंड. उन्हात माणसाच्या सावलीमागं पळतं. ह्या शेवटच्याचं नाव काढलं तरी ती पदरानं तोंड पुसायची.

तिचा थोरला भाऊ आण्णा. साखरबाईचा नवरा वारल्यापासनं ती आण्णाच्याच वस्तीवर राहायची. आण्णा चावडीवर छाती काढून सांगायचा, "शिक्रापूरपासून यवतपतूर अशी नजर कुणाची असंल तर दावा! आमचं रगतच तसलं हाय."

"रगताचं नाव काढू नका आण्णा," साखरबाई म्हणायची, "आत्ताच गोचीड काढून आलीया."

गणपतीच्या आधी कांद्याला जरा भाव आला तशी आण्णानं कांदा साठवलेली चाळ फोडली. चांगली लांबलचक, आख्ख्या शिवारात तसली चाळ न्हाई. पण तळातला कांदा सडला व्हता. त्याचं पाणी सुटून खालची माती काळी चिकट झालेली, वर अळ्या, आन् वास असा की नाकात बोळा घातला तरी घशात उतरावा. बाया मांडी घालून निवडाय बसल्या. गिताबाई, तिची नवी सून नकुशी, कडेला साखरबाई. गिताबाईचा थोरला दीर पोपटराव गोण्या शिवत व्हता. इंचू उतरवणारा म्हणून त्याचं नाव व्हतं. लोकं त्याला लांबलांबून बोलवायची.

एकदम नकुशी किंचाळली, "चावला!"

बाया उठल्या, क्रेट लवंडलं. खालनं निघाला काळा इंचू, हातभर वाटावा असा. पाठीवर पांढुरकी पिल्लं, उकडलेल्या तांदळासारखी, एकमेकांवर चढलेली. पोपटरावानं वहाण हाणली. मादी चिरडली आन् पिल्लं चौफेर पांगली, कांद्यावर, बायांच्या चपलांवर. साखरबाईला कोरडी वकारी आली.

"काळाय! घाबरायचं कारण न्हाई," पोपटराव बोलला. "सूनबाई, कुठं चावला?"

नकुशीनं डोक्यावरचा पदर पुढं वढला आन् मुकाट बोट पुढं केलं.

पोपटरावानं तोंडातली तंबाखू चावून चावून पातळ केली, बोटावर थुंकला आन् मंतर पुटपुटत चोळाय लागला. तपकिरी लाळ पोरीच्या बांगडीवर वघळली. साखरबाईला इंचवापेक्षा त्या लाळेचीच जास्त किळस आली.

"उतरंल आता. काळा तासाभरात उतरतो. आजवर एक माणूस दगावलं न्हाई माझ्या हातनं."

ते खरं व्हतं. त्याच्याकडं यायचे ते काळ्यानं चावलेलेच. काळा नुसता ठणकतो आन् आपसूक उतरतो. तंबाखू लावा न्हाईतर शेण लावा.

पण नकुशी ठणकतंय म्हणंना. तिला घाम सुटला, डोक्यावनं पाणी वतल्यावाणी. हात गार. एकदा वकली. आन् साखरबाईची नजर तिच्या दुसऱ्या हातावर गेली. पुढं केलेलं बोट निवांत पडलं व्हतं. दुसरा हात कमरंपशी लुगडं मुठीत आवळून धरलेला.

"भावजी, तुम्ही जरा बाहीर जावा," साखरबाई बोलली.

"का? मंतर आर्ध्यावर हाय."

"मंतर बाहीरनं म्हणा. निघा!"

पोपटराव तणतणत बाहीर गेला. साखरबाई नकुशीच्या कानाशी वाकली. "खरं सांग. कुठं?"

पोरीच्या डोळ्यांतनं पाणी आलं. "निऱ्यांच्या खाली, आत्या. मामंजी पुढं बसलेले… कसं सांगू?"

"अगं बया!" गिताबाईनं कपाळ बडवलं, पण लुगड्याला हात लावंना. आत काय असंल ते कुणाला ठावं? बाकीच्या बाया तर चाळीच्या पार टोकाला.

साखरबाई पुढं सरकली. तोंडात कडू पाणी. तरी तिनं निऱ्या एक एक करून सोडवल्या. तिसऱ्या निरीत त्यो बसला व्हता. तांबडा. बोटाएवढाबी न्हाई, जाड शेपूट कमान करून. तिनं आपल्या पदरातनं त्याची शेपूट नांगीच्या खालीच चिमटीत धरली. कपड्याआडनं त्याचं वळवळणं बोटांना कळत व्हतं, आठी पाय खरवडत व्हते, आन् तिला वाटलं, हात कोपरापासनं तोडून टाकावा. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत त्याला सोडलं, झाकण लावलं आन् मग चाळीच्या कुडाला धरून पोटातलं समदं वकली.

"आण्णा! गाडी काढा!"

आण्णानं पिकअपमधल्या गोण्या जाग्यावर लोटून दिल्या. कांदा रस्त्यावर लोळला तरी मागं बघितलं न्हाई. शिरूरपतूरचा तो रस्ता, ट्रकांच्या गर्दीतनं, तशी गाडी दुसऱ्या कुणी हाणून दावावी.

दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं, "कोणता विंचू?" साखरबाईनं बाटली टेबलावर ठेवली. डॉक्टर एकदा बाटलीकडं बघून थेट उठला. लस, गोळ्या, नळ्या. "हा काळा समजून हिला घरी ठेवलं असतं तर छातीत पाणी भरलं असतं," एवढंच बोलला.

दिवस मावळायला नकुशीचे हात ऊन झाले, घाम थांबला. पोपटराव दवाखान्याच्या दाराशी आला, बाटलीकडं बघितलं आन् तंबाखूची डबी कनवटीला खोचली.

नकुशीनं पाणी मागितलं. साखरबाईनं तांब्या उचलला, डाव्या हातानं. उजवा हात तिनं नळाखाली साबण लावून लावून पार पांढरा केला व्हता, तरी अंगापासनं लांब धरलेला.

"आत्या, डाव्या हातानं पाणी?"

"उजव्यात अजून वळवळतंय," साखरबाई बोलली. "पी गुमान."