लेसरच्या खोलीबाहेर

"तू बाहेर थांब. आत धूळ नको."

पाहुण्यांसमोर मॅडम, माझ्या गाईड, मला असं म्हणाल्या. दिल्लीहून तिघं आले होते, आमचं काम बघायला. मी कोपरापर्यंत हात धुतले होते, धुतलेला कोट घातला होता. तरी मी धूळ. ईशानी आत, मशीनपाशी. मी दारात.

एका पाहुण्यानं माझ्याकडे बघून विचारलं, ही कोण? मॅडम हसून म्हणाल्या, "ही कोळसा दळते. हिच्या हाताला सोसतो. आजी यार्डात कोळसाच वाहायची ना हिची." सगळे हसले. ईशानीही हसली.

आजीचं मीच सांगितलं होतं. प्रवेशाच्या मुलाखतीत, ताठ मानेनं. कुर्ल्याच्या रेल्वे यार्डात टोपल्या वाहणाऱ्या बाईची नात कोळशावर पीएचडी करणार, याचं मला अप्रूप होतं. आडनाव ऐकून मॅडम जरा थांबल्या होत्या, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

अंधेरीतली आमची संस्था. काम असं, की दगडी कोळशाच्या रेणूंचं वजन काढायचं. कोळसा खलात दळायचा, चाळायचा, उग्र वासाच्या द्रावकात विरघळवायचा. त्याचा थेंब पोलादी प्लेटवर वाळवायचा. प्लेट मशीनमध्ये गेली की लेसर त्या ठिपक्यावर मारतात. रेणू सुटून लांब नळीतून पळत सुटतात. हलके आधी पोचतात, जड मागून. लागलेल्या वेळेवरून वजन कळतं. थेंब वाळेपर्यंतचं सगळं मी करायची. मग उंबऱ्याशी उभं राहून प्लेट ईशानीच्या हातात द्यायची. आत जाताना घालायच्या स्लिपर दाराशी मांडलेल्या असत. माझ्या मापाची जोडी कधीच आली नाही.

ईशानी माझ्याच वर्षाची. पदवी तीच, मार्क माझे दोन जास्त. पण तिची आई आणि मॅडम एका कॉलेजात शिकलेल्या, म्हणून ती मॅडमना मावशी म्हणायची. मी तिच्यावर जळायची. सरळ सांगते, जळायची. तिच्या स्वच्छ नखांवर, तिच्या मावशी म्हणण्यावर, चुकलं तरी हसून "अरे यार" म्हणण्यावर. मी चुकले की मॅडम म्हणायच्या, तुमच्यात पायाच कच्चा असतो. घाटकोपरला टेकडीवरच्या आमच्या खोलीत मी नाक शिंकरलं की काळं यायचं. आई म्हणायची, हे कसलं गं शिक्षण, एवढं काळं तर आमच्या चुलीतही नव्हतं.

पाहुणे गेले आणि ईशानीनं काढलेला वजनांचा आलेख भिंतीवर लागला. त्यावर खाली तिचं नाव आणि मॅडमचं. मी रोज त्याच्यापुढे उभी राहायची, चूक शोधत. आमच्या धंद्यात एक चूक हमखास होते. मोठं वजन दिसावं म्हणून लोक लेसरचा जोर वाढवतात. मग कोळसा जळतो, सुटा कार्बन एकमेकाला चिकटतो आणि नसलेले जड रेणू आलेखावर उगवतात. तिनं तेच केलं असेल, असं मला वाटत होतं. तसं असावं म्हणून मी अक्षरशः नवस बोलायची बाकी होते.

चूक नव्हती. आलेखाच्या कोपऱ्यात आकडा होता, लेसर तिनं अगदी बेताचा ठेवला होता. काम चोख होतं.

त्या दिवशी माझा संताप संताप झाला. ती वाईट असती तर सोपं गेलं असतं. ती चांगली होती, कारण तिला रोज मशीनवर बसायला मिळत होतं. पहिल्या महिन्यात तिनं कितीतरी प्लेटा वाया घालवल्या होत्या. सगळ्या मी वाळवलेल्या. तिचा पाया कच्चा, असं कुणी म्हणालं नव्हतं. तिला चुकायला मिळालं, म्हणून ती शिकली. मला चुकायलासुद्धा आत घेत नव्हते.

पुढच्या सोमवारी नवा कोळसा आला. मी दळला, विरघळवला, थेंब टाकले. ईशानीनं उंबऱ्यातून हात पुढे केला. मी प्लेट सोडली नाही.

"प्लेट मी लावणार," मी म्हणाले.

मॅडम तिच्या मागेच होत्या. "तुला मशीन येतं का?"

"नाही येत. शिकवा. तोवर मी एक खडा दळणार नाही."

मॅडमचा आवाज चढला नाही. मग दुसरा गाईड बघ, म्हणाल्या. माझ्या हाताखाली कोण टिकतं ते मी ठरवते. ईशानी मधे पडली. "मावशी, जाऊ दे ना, मी दाखवते तिला." तिला खरंच वाईट वाटलं होतं. तेही मला सोसलं नाही. मी तिला म्हणाले, "तू मेहरबानी करू नको. ही जागा माझीपण आहे."

मॅडम निघून गेल्या. त्यांनी अजून शब्द मागे घेतलेला नाही, मीही नाही. पीएचडी जाईल, असं बरोबरचे सांगतात. आई घाबरली आहे. जळणं सोड, असा उपदेशही मिळतो. का सोडू? जळत होते म्हणून तर मला दिसलं की दार कुणी लावलंय.

खल धुऊन मी कपाटात ठेवून दिलाय. रोज सकाळी येऊन त्या दारात उभी राहते. या कोळशाचं वजन मी काढणार. चुकलं तर माझ्या हातून चुकेल.